जळगाव-धुळ्यात घर घेताय? ‘चांगला एरिया’ म्हणजे नेमकं काय, ते कसं तपासायचं?

जळगावात किंवा धुळ्यात घर शोधायला निघालं की ओळखीच्या प्रत्येकाकडून एकच सल्ला मिळतो: ‘एरिया चांगला बघा.’ पण चांगला म्हणजे काय, हे विचारलं की उत्तरं वेगवेगळी येतात. कुणी शाळा सांगतं, कुणी रुंद रस्ते आणि मोकळे प्लॉट सांगतं, तर कुणी आवाज खाली आणून ‘तिथे आपली माणसं आहेत’ एवढंच म्हणतं.

बहुतेक कुटुंबं आयुष्यात एकदाच घर घेतात आणि त्यासाठी पंधरा-वीस वर्षं हप्ते भरतात. म्हणून शाळा, वस्तीची दाटी आणि शेजारची सरमिसळ या तीन गोष्टी वेगवेगळ्या तपासायला हव्यात. एकीत चांगला ठरलेला भाग दुसरीत मागे असू शकतो.

आधी शहर कसं वाढलं ते पाहा

१९०६ मध्ये खानदेश जिल्ह्याचे दोन भाग झाले. पूर्व खानदेशचं मुख्यालय जळगाव झालं आणि पश्चिम खानदेशचं धुळे. दोन्ही शहरं २००३ मध्ये महापालिका झाली. पण दोघांची ठेवण वेगळी आहे.

धुळ्यात पांझरा नदी ही मोठी रेषा आहे. एका काठाला जुनं धुळे, पेठ, आग्रा रोड आणि नंबरांनी ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्या. पेठेची सुरुवात १८१९ मध्ये कॅप्टन जॉन ब्रिग्ज या इंग्रज अधिकाऱ्याने मुख्यालय धुळ्यात आणल्यानंतरची. दुसऱ्या काठाला देवपूर. तिथे जयहिंद आणि एसएसव्हीपीएस यांसारख्या शिक्षणसंस्था असल्यामुळे नोकरदार कुटुंबांचा ओढा पूर्वीपासून तिकडे आहे. २०१८ च्या हद्दवाढीत वलवाडी, अवधान, मोराणे, चितोड, महिंदळे यांसह अकरा गावं महापालिकेत आली आणि ‘शहर’ या शब्दाचा अर्थच पसरला.

जळगावात नदीऐवजी दोन वेगळ्या रेषा आहेत: रेल्वेमार्ग आणि राष्ट्रीय महामार्ग. जुने जळगाव, शनिपेठ, बळीरामपेठ, नवीपेठ हा जुना गाभा. त्याच्या बाहेर गणेश कॉलनी, रामानंदनगर, महाबळ अशा कॉलन्या वाढल्या. पिंप्राळा आणि मेहरूण ही मूळची गावं शहरात मिसळली. कुसुंब्यासारख्या शेजारच्या ग्रामपंचायतींच्या हद्दीतही आता प्लॉट पडले आहेत.

घर या रेषेच्या कोणत्या बाजूला आणि शाळा कोणत्या बाजूला, हा या दोन शहरांतला पहिला प्रश्न आहे.

शाळा: नावाआधी रस्ता बघा

नकाशावर दोन किलोमीटरवर दिसणारी शाळा प्रत्यक्षात किती लांब आहे, हे मध्ये काय आहे त्यावर ठरतं. जळगावात महामार्ग शहराच्या मधून गेल्यामुळे समांतर रस्त्यांसाठी नागरिकांना आंदोलनं करावी लागली. सायकलवर जाणाऱ्या सातवीतल्या मुलाला रोज दोनदा हा रस्ता ओलांडावा लागणार असेल, तर ती शाळा ‘जवळ’ नाही. धुळ्यात पावसाळ्यात पांझरेला पाणी सोडलं की सखल पुलांवरची वाहतूक थांबवावी लागते. तेव्हा देवपुरातून पेठेत जायला वळसा पडतो.

दोन्ही शहरांत शाळांचंही स्थलांतर झालं आहे. जुन्या अनुदानित मराठी शाळा बहुतांशी शहराच्या मध्यभागी आहेत. इंग्रजी माध्यमाच्या अनेक नव्या शाळांनी मोठ्या जागेसाठी शहराची कड गाठली. म्हणजे पेठेत राहणाऱ्या मुलाची अनुदानित शाळा पायी अंतरावर, पण इंग्रजी शाळेसाठी व्हॅन. कडेच्या कॉलनीत नेमकं उलटं. व्हॅनचं भाडं दहा-बारा वर्षांचा खर्च आहे, तो घराच्या किमतीत धरून बघायला हवा.

पत्ता आणखी एका कारणाने महत्त्वाचा आहे. शिक्षण हक्क कायद्यानुसार खासगी विनाअनुदानित शाळांत पहिलीच्या किंवा पूर्वप्राथमिकच्या प्रवेश वर्गात २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांसाठी राखीव असतात. आर्थिक दुर्बल घटकासाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा १ लाख रुपये आहे. सोडतीत घरापासून शाळेचं अंतर धरलं जातं आणि एक किलोमीटरच्या आतल्या मुलांना प्राधान्य मिळतं. भाड्याने राहणाऱ्यांना नोंदणीकृत भाडेकरार दाखवावा लागतो. साध्या कागदावरच्या करारावर विसंबलेल्या कुटुंबांची इथे अडचण होते.

फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने नियम बदलून, सरकारी किंवा अनुदानित शाळेच्या एक किलोमीटर परिसरातल्या खासगी शाळांना या राखीव जागांतून सूट दिली होती. तो बदल टिकला असता तर जळगाव-धुळ्याच्या मध्यवस्तीतल्या मुलांसाठी हा मार्ग जवळपास बंद झाला असता, कारण जुन्या शाळा तिथेच जास्त आहेत. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये तो रद्द केला.

शाळेत गेल्यावर इमारतीपेक्षा वर्ग बघावा. कायद्याने पहिली ते पाचवीला ३० मुलांमागे एक शिक्षक आणि सहावी ते आठवीला ३५ मुलांमागे एक शिक्षक हवा. प्रत्येक मान्यताप्राप्त शाळेला अकरा अंकी यू-डायस क्रमांक असतो. त्यावरून विद्यार्थी, शिक्षक आणि सुविधांची माहिती केंद्र सरकारच्या संकेतस्थळावर पाहता येते. जी शाळा हा क्रमांक सांगायला टाळाटाळ करते, तिची मान्यता आधी तपासावी.

दाटी: सरासरी आकडा फसवतो

२०११ च्या जनगणनेत जळगाव शहराची लोकसंख्या सुमारे ४ लाख ६० हजार होती आणि क्षेत्र सुमारे ६८ चौरस किलोमीटर. म्हणजे एका चौरस किलोमीटरमध्ये साधारण ६,७०० माणसं. धुळ्यात त्या वेळी सुमारे ३ लाख ७५ हजार लोक सुमारे ४६ चौरस किलोमीटरमध्ये राहत होते, म्हणजे साधारण ८,०००.

२०१८ च्या हद्दवाढीनंतर धुळ्याचं क्षेत्र दुपटीहून अधिक झालं. सरासरी दाटी कागदावर एकदम खाली आली, पण आग्रा रोडच्या मागच्या गल्लीतून एकही माणूस हलला नव्हता. म्हणून शहराची सरासरी बघून वस्ती कळत नाही. शिवाय २०२१ ची जनगणना झालीच नाही. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे, तोपर्यंत हातात २०११ चेच आकडे आहेत.

दाट वस्ती म्हणजे वाईट वस्ती, हा समजही तपासून घ्यावा. पेठेतल्या गल्लीत किराणा, दवाखाना, पिठाची गिरणी, रिक्षा सगळं हाकेच्या अंतरावर असतं. ओट्यावर बसलेली आजी गल्लीतल्या प्रत्येक मुलावर नजर ठेवते. घरातली कर्ती माणसं दिवसभर कामावर असतील आणि म्हातारे आईवडील घरी असतील, तर हा आधार मोठा आहे. अडचणीही तितक्याच खऱ्या आहेत. गाडी लावायला जागा नसते, अग्निशमन दलाचा बंब आत येईल की नाही याची शंका असते आणि मुलांना खेळायला रस्ताच उरतो.

विरळ वस्तीत मोकळी हवा मिळते, पण तिची किंमत वेगळ्या रूपात द्यावी लागते. नव्या प्लॉटवर पहिली काही वर्षं रस्ता कच्चा, पथदिवे अर्धवट आणि पाण्यासाठी बोअर किंवा टँकर. खानदेशात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. झाडं न लावलेल्या, सिमेंटच्या नव्या कॉलनीत दुपारी बाहेर पाऊल टाकणं अवघड होतं. जळगावला वाघूर धरणाचं आणि धुळ्याला तापी योजना व नकाणे तलाव यांचं पाणी मिळत असलं, तरी ‘पाणी येतं का?’ असं विचारू नये. ‘किती दिवसांनी आणि किती वेळ येतं?’ असं विचारावं, तेही एप्रिल-मे महिन्याबद्दल.

खानदेशात ‘ओपन स्पेस’ हा शब्द प्रत्येक कॉलनीत ऐकू येतो. राज्याच्या एकत्रित बांधकाम नियमावलीनुसार ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जागेच्या ले-आऊटमध्ये किमान १० टक्के जागा मोकळी सोडावी लागते. मंजूर नकाशात ती कुठे आहे आणि प्रत्यक्षात तिथे काय उभं आहे, हे जाऊन बघावं. मुलांचं मैदान तेवढंच असतं.

शेजार: ज्याबद्दल कुणी स्पष्ट बोलत नाही

खानदेश मुळात सरमिसळीचा प्रदेश आहे. बाजारात अहिराणी, लेवा गणबोली, मराठी, उर्दू, मारवाडी, गुजराती, सिंधी एकाच सकाळी ऐकू येतात. फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांनी जळगावची सिंधी कॉलनी आणि धुळ्याचं कुमारनगर वसवलं. सातपुड्यातून भिल्ल, पावरा, तडवी कुटुंबं शिक्षण आणि कामासाठी शहरात येतात.

बाजार एकत्र असला तरी राहणं मात्र बऱ्याचदा वेगळं आहे. त्यामागे जात आणि भाऊबंदकी आहे, तसा इतिहासही आहे. मे १९७० मध्ये जळगावात दंगल झाली, तिची चौकशी न्यायमूर्ती मादन आयोगाने केली. धुळ्यात २००८ मध्ये दंगल झाली. ६ जानेवारी २०१३ ला मच्छीबाजार भागात पुन्हा भडका उडाला आणि पोलिसांच्या गोळीबारात सहा तरुणांचा जीव गेला. अशा प्रत्येक घटनेनंतर भीतीपोटी माणसं ‘आपल्या’ वस्तीकडे सरकतात. घर विकणारा आणि घेणारा दोघंही घाबरलेले असतात. दुसरी बाजू मग मुलांना फक्त ऐकीव गोष्टींतून कळते.

शाळेचं माध्यम ही फट आणखी वाढवतं. मराठी माध्यमाच्या आणि उर्दू माध्यमाच्या शाळेतली मुलं एकाच रस्त्याने जातात, पण एका बाकावर कधी बसत नाहीत. म्हणून वस्ती मिश्र आहे एवढ्यावर समाधान मानू नये. वर्गाची हजेरी ऐकली तर त्यात किती तऱ्हेची नावं येतील, हेही विचारावं.

कायदा काय सांगतो? महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम २३ नुसार पात्र व्यक्तीला पुरेशा कारणाशिवाय सदस्यत्व नाकारता येत नाही. पण २००५ मध्ये गुजरातमधल्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, सदस्यत्व एका समाजापुरतं ठेवणारा संस्थेचा उपविधी वैध ठरवला. जळगाव-धुळ्यात तर बहुतेक व्यवहार स्वतंत्र प्लॉट आणि रो-हाऊसचे असतात. तिथे नकार लेखी मिळत नाही. ‘प्लॉट बुक झाला’ एवढंच सांगितलं जातं.

मिश्र वस्तीचा फायदा काय, हा प्रश्नही रास्त आहे. गावाबाहेर गेलेल्या मुलाला पुणे-मुंबईत किंवा परदेशात सगळ्या तऱ्हेच्या लोकांसोबतच राहायचं असतं. त्याची सवय शेजारातून लागते. आणि तणावाच्या दिवशी अफवा थांबवते ती शेजारची ओळख. हिवाळ्यातल्या भरीत पार्टीला ज्यांना बोलावलं, त्यांच्याबद्दलचा फॉरवर्ड मेसेज माणूस दोनदा वाचून बघतो.

मग निवड कशी करायची?

तिन्ही गोष्टी शंभर टक्के देणारी वस्ती या शहरांत मिळणं कठीण आहे. वजन कशाला द्यायचं, हे घरातल्या माणसांच्या वयावर ठरतं. मूल पहिली-दुसरीत असेल तर शाळेचं अंतर आधी. मूल नववीत असेल तर शाळेसाठी घर बदलण्यात अर्थ नाही, कारण दोन वर्षांत तो प्रश्न संपेल आणि घर उरेल. घरी वृद्ध असतील तर दाट, ओळखीची वस्ती जास्त कामाची.

टोकन देण्याआधी एवढं करावं:

• सकाळी शाळेच्या वेळी, रात्री नऊनंतर आणि एखाद्या रविवारी, अशा तीन वेळा त्या भागात जाऊन यावं.

• घरापासून शाळेपर्यंत एकदा मुलासोबत चालत किंवा सायकलने जाऊन बघावं.

• जागा महापालिकेत आहे की ग्रामपंचायतीत, प्लॉट बिगरशेती आहे का आणि ले-आऊट मंजूर आहे का, हे कागदावर बघावं. ‘गुंठेवारीत होऊन जाईल’ या तोंडी शब्दावर थांबू नये. २०२१ च्या दुरुस्तीने ही मुभा ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या व्यवहारांनाच मिळते.

• ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवरचा किंवा आठपेक्षा जास्त युनिटचा नवा प्रकल्प असेल, तर महारेराचा नोंदणी क्रमांक मागावा.

• पाणी, दिवे, कचरागाडी याबद्दल विकणाऱ्याला नव्हे, तिथे भाड्याने राहणाऱ्याला विचारावं. त्याला घर विकायचं नसतं.

• शक्य असेल तर त्याच भागात आधी अकरा महिने भाड्याने राहून बघावं.

आणि ‘एरिया चांगला आहे’ असं कुणी म्हटलं, तर पुढचा प्रश्न लगेच विचारावा: कुणासाठी चांगला? शाळकरी मुलीसाठी, घरी एकट्या राहणाऱ्या आजीसाठी, की फक्त प्लॉटचा भाव वाढण्यासाठी? उत्तर आलं की सल्ला किती उपयोगाचा आहे, ते कळतं.