बोली आधी, लिपी नंतर : जपानी भाषेच्या अध्ययनाचा एक जुना धडा

परकी भाषा शिकताना प्रारंभ बोलीपासून करावा की लिपीपासून, हा प्रश्न जपानी भाषेच्या बाबतीत विशेष महत्त्वाचा ठरतो. तिचे उच्चार तुलनेने सुलभ आहेत. मूळ स्वर पाचच. लेखन मात्र चिनी चिन्हे आणि हिरागाना व काताकाना या दोन अक्षरमाला यांच्या मिश्रणातून सिद्ध होते. म्हणूनच आधी बोलावयास शिकावे, हा मार्ग स्वाभाविक वाटतो. सोळाव्या शतकात ख्रिस्ती धर्मोपदेशकांनी हाच मार्ग अनुसरला आणि त्याचा आरंभ गोव्याशी निगडित आहे.

कागोशिमाचा रहिवासी अंजिरो हा १५४७ च्या अखेरीस मलाक्का येथे फ्रान्सिस झेवियरला भेटला. १५४८ साली गोव्यात त्याने ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली व तेथेच तो पोर्तुगीज लिहावयास, वाचावयास शिकला. १५ ऑगस्ट १५४९ रोजी झेवियर त्याच्यासह कागोशिमास उतरला. अंजिरोच्या साहाय्याने धर्मतत्त्वांचे जपानी भाषांतर सिद्ध झाले. ते रोमन अक्षरांत लिहून घेतलेले असे व झेवियर ते लोकांसमोर वाचून दाखवी.

येथेच या मार्गाची मर्यादा उघड झाली. अंजिरोची बोली अस्सल होती. परंतु चिनी लिपीतील बौद्ध ग्रंथ त्याला वाचता येत नव्हते. भाषांतरात ईश्वरासाठी 'दाइनिची' हा शब्द आला. दाइनिची म्हणजे महावैरोचन बुद्ध, शिंगोन संप्रदायाचे आराध्य. साहजिकच शिंगोन भिक्षूंना हा उपदेश आपल्याच मताचा वाटला. १५५१ साली यामागुची येथे झेवियरला खरा अर्थ उमगला, तेव्हा त्याने तो शब्द त्यागून 'देउस' हा लॅटिन शब्द स्वीकारला.

पुढील पिढीने बोलीचा मार्ग सोडला नाही. त्याला अभ्यासाची जोड दिली. १५९० साली व्हालिन्यानो याने जपानमध्ये मुद्रणयंत्र आणले. १५९२ च्या सुमारास आमाकुसा येथे 'हेइके मोनोगातारी' ही प्राचीन कथा बोलभाषेत, संवादरूपाने व रोमन लिपीत सिद्ध झाली. भाषा शिकणाऱ्यांसाठीच ती रचली होती. १६०३-०४ साली नागासाकी येथे छापलेल्या जपानी-पोर्तुगीज कोशात सुमारे ३२,००० शब्द आहेत. त्यात ग्रंथांतील, काव्यातील व बौद्ध धर्मातील शब्दांना स्वतंत्र खुणा केलेल्या आहेत. कोणता शब्द कोठून आला, हे विद्यार्थ्यास कळावे, ही दक्षता त्यामागे दिसते.

बुद्धवचनही प्रथम भाणकांच्या मुखी होते. सिंहलद्वीपात ते इसवी सनपूर्व पहिल्या शतकात ग्रंथारूढ झाले. बोलीचे प्राथम्य आपल्या परंपरेस अपरिचित नाही. जपानी बौद्ध धर्माच्या अभ्यासकाने म्हणून निःसंकोचपणे बोलीपासून आरंभ करावा. मात्र धर्माच्या पारिभाषिक शब्दाचे भाषांतर करण्यापूर्वी तो मूळ लिपीत, मूळ ग्रंथात वाचावा. बोलीमुळे माणसांशी संवाद साधतो. त्यांच्या विचारांचा इतिहास मात्र लिपीतच जतन झालेला असतो.