दगडफुलाची साक्ष

शाळेत भूगोलाच्या तासाला टुंड्रा प्रदेश आपण सगळ्यांनीच पाठ केलेला आहे. बर्फ, एस्किमो, रेनडिअर आणि ‘येथे झाडे वाढत नाहीत’ हे वाक्य. दोन गुणांच्या उत्तराला तेवढे पुरत असे. पण त्या वाक्याबरोबर, जिथे झाड नाही तिथे काहीच नाही, असा एक समजही मनात बसतो. हाच समज एकदा अमेरिकेतल्या थोर शास्त्रज्ञांचाही झाला होता. त्याची ही हकिकत.

१९५८ साली, हायड्रोजन बॉम्बचे जनक म्हणून ओळखले जाणारे एडवर्ड टेलर एक योजना घेऊन अलास्कात आले. वायव्य किनाऱ्यावर केप थॉम्पसनजवळ जमिनीत अणुबॉम्ब पुरायचे, एकाच वेळी उडवायचे आणि क्षणार्धात बंदर तयार करायचे! योजनेचे नाव ‘प्रोजेक्ट चॅरियट’. मूळ आराखड्यातल्या स्फोटांची ताकद होती २.४ मेगाटन, म्हणजे हिरोशिमावरच्या बॉम्बच्या सुमारे १६० पट. अणुशक्ती शांततेच्या कामीही येते, हे जगाला दाखवायचे होते. तिथला समुद्र वर्षातले बहुतेक महिने गोठलेला असतो, मग बंदरात जहाजे येणार कशी, हा प्रश्न मागे पडला. जागा निवडली ती ओसाड म्हणून.

खरोखरच ओसाड होती का ती? तिथून सुमारे ५० किलोमीटरवर पॉइंट होप हे इनुपियाक लोकांचे गाव आहे. त्यांच्या भाषेत ते तिकिगाक, म्हणजे तर्जनी. समुद्रात बोटासारख्या शिरलेल्या जमिनीवर ते वसले आहे. दोन हजारांहून अधिक वर्षे तिथे माणूस नांदतो आहे. शेती नाही, पण समुद्रात देवमासे आणि सील आहेत, माळावर कॅरिबूचे, म्हणजे रानटी रेनडिअरचे कळप आहेत आणि केप थॉम्पसनच्या कड्यांवर समुद्रपक्ष्यांची अंडी मिळतात. योजनाकार ज्या जागेला रिकामी म्हणत होते, ती या गावाची कोठी होती.

नोव्हेंबर १९५९ मध्ये गावच्या परिषदेने एकमताने विरोध नोंदवला. मार्च १९६० मध्ये अणुऊर्जा आयोगाचे अधिकारी समजूत घालायला आले. त्यांची आश्वासने आणि गावकऱ्यांचे प्रश्न, असे सगळे त्या सभेत टेपरेकॉर्डरवर नोंदले गेले. हिरोशिमात काय झाले, हे त्या लोकांना ठाऊक होते. मार्च १९६१ मध्ये त्यांनी थेट राष्ट्राध्यक्ष केनेडींना पत्र लिहिले.

याच सुमारास आयोगानेच नेमलेले जीवशास्त्रज्ञ त्या माळावर काम करत होते. विल्यम प्रुइट आणि लेस्ली व्हिएरेक ही त्यांतली दोन नावे. त्यांचे लक्ष गेले लाइकेनकडे. लाइकेन आपल्याला परके नाही. गोड्या मसाल्यातले दगडफूल हे लाइकेनच. बुरशी आणि शैवाल यांचा हा जोडसंसार. त्याला मुळे नसतात. हवा, पाऊस आणि धूळ यांतूनच ते पोषण घेते आणि फार सावकाश वाढते. त्यामुळे दूरच्या अणुचाचण्यांतून आकाशात गेलेली किरणोत्सारी धूळ खाली आली, की ती लाइकेनमध्ये साठून राहते. हिवाळ्यात कॅरिबू लाइकेनवर जगतो आणि माणूस कॅरिबूवर. म्हणजे एकही बॉम्ब पाहिला नाही त्या माणसाच्या ताटात बॉम्बची राख येत होती. पुढे मोजमापे झाली, तेव्हा अलास्कातल्या कॅरिबू खाणाऱ्या लोकांच्या शरीरात किरणोत्सारी सीझियम इतर अमेरिकनांपेक्षा कितीतरी अधिक आढळले.

अडचणीचे सत्य सांगणाऱ्यांचे जे होते तेच झाले. प्रुइट आणि व्हिएरेक यांची विद्यापीठातली नोकरी गेली. पण १९६२ मध्ये योजना बासनात गेली. त्याच वर्षी पॉइंट होपमध्ये जन्मलेल्या हॉवर्ड रॉक यांनी ‘टुंड्रा टाइम्स’ हे वृत्तपत्र सुरू केले. विद्यापीठाने मात्र त्या दोघांना मानद पदवी दिली ती १९९३ मध्ये.

गोष्ट इथे संपली असती तर बरे झाले असते. १९६२ मध्येच नेवाडातल्या अणुस्फोटाची किरणोत्सारी माती आणून प्रयोगासाठी त्या माळावर वापरली गेली आणि तिथेच पुरली गेली. गावाला कोणी सांगितले नाही. तीस वर्षांनी, १९९२ मध्ये, जुन्या कागदपत्रांतून ते उघड झाले आणि पुढच्या वर्षी ती माती उपसावी लागली. त्या तीस वर्षांत गावकरी तिथे शिकारीला जातच होते.

आज तिथे बॉम्बची भीती नाही, पण जमीनच वितळते आहे. कायम गोठलेल्या मातीत तळघरे खोदून हे लोक देवमाशाचे मांस साठवत आले. आता त्या तळघरांत पाणी शिरते, मांस खराब होते. कोळसा आणि तेल जाळले जगाने; त्याची झळ मात्र या कोठीला. आणि ही झळ तिथेच थांबणारी नाही. जगातल्या गोठलेल्या जमिनीत, आज वातावरणात आहे त्याच्या सुमारे दुप्पट कार्बन दडलेला आहे. ती वितळली की तो हवेत येणार, आणि हवा तर आपल्या सगळ्यांची एकच आहे.

भूगोलाचा तो प्रश्न आज कोणी विचारला, तर उत्तरात मी एक ओळ वाढवीन. येथे झाडे वाढत नाहीत. पण येथे कोणी राहत नाही, असे ठरवण्याआधी इथल्या माणसांना विचारावे.