फड : नदी पाहून पीक ठरवणारी खानदेशी सिंचनपद्धत

पांझरा, मोसम आणि आरम या तापीच्या खोऱ्यातील नद्यांवर, आजच्या धुळे आणि नाशिक जिल्ह्यांत, किमान तीनशे वर्षांपासून दगडी बंधाऱ्यांची साखळी उभी आहे आणि त्या बंधाऱ्यांच्या आधाराने वाढलेली सामूहिक सिंचनाची रीत ‘फड’ या नावाने ओळखली जाते. जगातील लागवडीखालील क्षेत्रापैकी सुमारे २० टक्के ओलित क्षेत्रातून सुमारे ४० टक्के अन्न पिकते आणि माणूस नद्यांतून व भूगर्भातून जे गोडे पाणी उपसतो, त्यातील सुमारे ७० टक्के शेतीकडे जाते. २०५० च्या सुमारास साडेनऊ अब्जांच्या पुढे जाणाऱ्या लोकसंख्येला हेच पाणी कसे पुरवावे, याचा विचार करणाऱ्याने फडाची घडण बारकाईने पाहावी, इतकी ती विचारपूर्वक केलेली आहे.

नदीच्या पात्रात आडवा बांधलेला बंधारा पाणी साठवण्यासाठी नसून त्याची पातळी उंचावून ते पाटात वळवण्यासाठी असे. पाटातून चाऱ्या आणि चाऱ्यांतून शेतापर्यंत जाणारे लहान सारंग निघत आणि उरलेले पाणी पुन्हा नदीत जाई. एका बंधाऱ्याखाली भिजणाऱ्या सगळ्या जमिनीला ‘थळ’ म्हणत आणि थळाचे बहुधा चार भाग पाडलेले असत. त्यांतील प्रत्येक भाग म्हणजे एक फड. दरवर्षी एका फडात ऊस आणि उरलेल्या फडांत गहू, हरभरा, ज्वारी यांसारखी भुसार पिके घेतली जात, तर पुढच्या वर्षी ऊस दुसऱ्या फडात सरके. पाऊसकाळ संपल्यावर नदीला किती पाणी राहील याचा अंदाज घेऊन गावची पंच मंडळी कोणत्या फडात काय पेरायचे हे ठरवीत, आणि पाणी अपुरे दिसले तर एखादा फड त्या वर्षी कोरडा ठेवला जाई.

या पद्धतीची खरी कसोटी टंचाईच्या वर्षी लागे, आणि तिथेच तिच्या रचनेतील शहाणपण दिसून येते. खातेदारांच्या जमिनी साधारणपणे निरनिराळ्या फडांत विखुरलेल्या असल्यामुळे एखादा फड कोरडा राहिला तरी त्याची झळ थोडीथोडी सर्वांना बसे आणि पाटाच्या शेपटाकडे असलेल्या काही मोजक्या कुटुंबांवरच दुष्काळ कोसळत नसे. एका फडात एकच पीक असल्याने त्याला पाण्याची गरज एकाच वेळी लागे, शेजारच्या उसाच्या पाझराने कोणाचा हरभरा सडत नसे आणि पीक दरवर्षी फिरत असल्याने जमिनीला विसावा मिळे. शेतकऱ्याने स्वतः बारे फोडून पाणी घ्यावे, अशी मुभाही नव्हती. पाटाच्या पाण्याची वाटणी पाटकरी करी, प्रत्यक्ष शेत भिजवण्याचे काम बारेकऱ्याकडे, पिकाची राखण जागल्याकडे आणि सर्वांवरची देखरेख हवालदाराकडे असे. भिजवणारा माणूस त्या शेताचा मालक नसल्यामुळे रात्रीच्या अंधारात पाणी आपल्याकडे वळवण्याचा मोह मुळातच कमी होई. त्यांचा मोबदला बहुतांशी धान्याच्या रूपाने दिला जाई, म्हणजे पीक सगळ्यांचे आले तरच त्यांचेही पोट भरे.

या व्यवस्थेला निर्दोष म्हणता येणार नाही. पाण्याचा हक्क जमिनीला जोडलेला होता. ज्याच्याकडे थळात जमीन नव्हती त्याला पाण्यात वाटा नव्हता, आणि जागल्यासारखी कामे गावगाड्याच्या जातीच्या उतरंडीतून वाटली गेली होती. फडाची स्तुती करताना ही बाजू झाकणे अन्यायाचे ठरेल.

इंग्रजी अमदानीत दख्खनमध्ये जे मोठे कालवे निघाले, त्यांचा हेतू दुष्काळनिवारणाचा होता. १८७६–७८ च्या दुष्काळानंतर १८८५ मध्ये नीरा डावा कालवा सुरू झाला; पण पाऊस बरा झाला की ज्वारी-बाजरीचा शेतकरी पैसे देऊन पाणी घेईना, आणि कालव्याचा खर्च भरून काढणारे गिऱ्हाईक म्हणून ऊस पुढे आला. सततच्या उसाने कालव्याकाठच्या जमिनी पाणथळ आणि खारवट होऊ लागल्या. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी या कालव्यांवर ‘ब्लॉक पद्धत’ आणली, तीत पाणी अधिक गावांत वाटून प्रत्येक ठरलेल्या गटात ऊस मर्यादित भागावरच घ्यायचा आणि बाकी भागात इतर पिके फिरवायची, असा नियम होता. नोकरीच्या आरंभीच्या काळात याच अभियंत्याने खानदेशात पांझरेच्या पाण्यावर काम केले होते. त्यामुळे ब्लॉक आणि फड यांतील साम्य लक्षात घेण्याजोगे आहे. पुढे १९३२ मध्ये साखर उद्योगाला आयातकराचे संरक्षण मिळाले, जावा बेटावरून येणारी साखर मागे हटली, कारखाने उभे राहू लागले आणि ऊस हे नदीच्या पाण्यापेक्षा बाजाराच्या मागणीवर ठरणारे पीक झाले.

फडाला ओहोटी लागली ती याच बदलाबरोबर. विहिरींवर इंजिने आणि विजेचे पंप बसले, तेव्हा ज्याला ऐपत होती त्याला पंचांच्या निर्णयाची गरज उरली नाही. नदीच्या वरच्या अंगाला धरणे झाली, तसा खालच्या बंधाऱ्यांकडे येणारा प्रवाह आटला. आज महाराष्ट्रात लागवडीखालील क्षेत्राच्या जेमतेम वीस-पंचविसाव्या हिश्शावर असलेला ऊस सिंचनाच्या पाण्यापैकी निम्म्याहून अधिक पाणी पितो. ज्या राज्यात एका नदीकाठच्या शेतकऱ्यांनी उसाला चारांपैकी एकच फड द्यायचा हे कोणताही कायदा नसताना ठरवले आणि पिढ्यान्‌पिढ्या पाळले, त्या राज्याला हे वाटप शोभत नाही.

फडातील उणीव भरून काढण्याचा प्रयत्नही याच मातीत झाला आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातील नायगाव येथून पाणी पंचायतीची चळवळ उभी केली. तिच्या योजनांत पाणी जमिनीच्या मापाने न देता कुटुंबातील माणशी अर्धा एकर या हिशेबाने दिले गेले, भूमिहीनांचाही पाण्यावर हक्क मानला गेला आणि ऊस घेण्यास बंदी होती.