लॉगिन सत्राचा इतिहास : कमांड लाइनवरील उपस्थिती, नोंद आणि नियंत्रण (इ.स. १९६१ ते २०२५)

सारांश

बहुवापरकर्ता संगणकावर एखादी व्यक्ती प्रवेश करते तेव्हापासून ती बाहेर पडेपर्यंतच्या कालावधीस 'लॉगिन सत्र' असे म्हणतात. हे सत्र कोणाचे, ते केव्हा सुरू झाले, ते कोणी संपवावे आणि संपल्यावर त्यातील कामाचे काय व्हावे, या प्रश्नांची उत्तरे गेल्या सहा दशकांत वारंवार बदलली आहेत. प्रस्तुत शोधनिबंधात सीटीएसएस, युनिक्स व लिनक्स या प्रणालींच्या आधारे या बदलांचा ऐतिहासिक आढावा घेतला आहे. सत्राचे व्यवस्थापन हा तांत्रिक प्रश्न असला तरी त्याच्या मुळाशी व्यवस्थापक आणि वापरकर्ता यांच्यातील अधिकारांची वाटणी आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : लॉगिन सत्र, वेळ-सहभाग प्रणाली, युनिक्स, कमांड लाइन, संकेतशब्द, लॉगिनडी

प्रस्तावना

संगणकाच्या इतिहासाची मराठीतील मांडणी सामान्यतः यंत्रांच्या पिढ्यांनुसार केली जाते. निर्वात नळी, ट्रान्झिस्टर, एकात्म परिपथ आणि सूक्ष्मप्रक्रियक हा क्रम विद्यार्थ्यांना पाठ असतो. या मांडणीत यंत्र दिसते. यंत्रासमोर बसलेला माणूस मात्र क्वचितच दिसतो. वास्तविक, एकाच यंत्रावर अनेक माणसे एकाच वेळी काम करू लागली तेव्हा यंत्राला प्रथमच 'तू कोण?' असा प्रश्न विचारावा लागला. त्या प्रश्नातून लॉगिन सत्राची संकल्पना जन्माला आली. म्हणून सत्राचा इतिहास हा यंत्राच्या सामाजिक वापराचाही इतिहास ठरतो.

या अभ्यासाची उद्दिष्टे तीन आहेत. सत्राची संकल्पना कोणत्या गरजेतून निर्माण झाली ते पाहणे, सत्राची नोंद ठेवण्याच्या पद्धती कशा विकसित झाल्या ते तपासणे, आणि सत्र संपविण्याच्या अधिकारावरून निर्माण झालेल्या वादाचे स्वरूप समजून घेणे. अभ्यासासाठी वर्णनात्मक व ऐतिहासिक पद्धतीचा अवलंब केला आहे.

१. वेळेची वाटणी आणि संकेतशब्दाचा जन्म

१९५० च्या दशकात संगणकावरील काम तुकड्यातुकड्यांनी होत असे. प्रोग्राम लिहिणारा आपली छिद्रित पत्रे चालकाच्या हवाली करी व काही तासांनी छापील उत्तर घेऊन जाई. यंत्राशी त्याचा प्रत्यक्ष संबंध येत नसे. त्यामुळे त्याची ओळख यंत्राला पटविण्याचा प्रश्नही उद्भवत नसे.

नोव्हेंबर १९६१ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी (एमआयटी) या संस्थेत फर्नांडो कॉर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'कंपॅटिबल टाइम-शेअरिंग सिस्टिम' म्हणजेच सीटीएसएस या प्रणालीचे प्रात्यक्षिक दाखविले. आयबीएम ७०९ या यंत्राला जोडलेल्या टंकयंत्रासारख्या फ्लेक्सोरायटरवर बसून अनेकांना एकाच वेळी आज्ञा देता येऊ लागल्या. यंत्र आपला वेळ सूक्ष्म तुकड्यांत विभागून प्रत्येकाला देई आणि यंत्र आपल्या एकट्यासाठीच आहे असा भास प्रत्येकाला होई.

मात्र हा वेळ महाग होता. कोणाला किती वेळ द्यायचा हे ठरलेले असे. त्यामुळे कोण केव्हा आला आणि किती वेळ थांबला याचा हिशेब आवश्यक झाला. वापरकर्त्याने 'लॉगिन' ही आज्ञा देऊन आपली ओळख सांगावी, संकेतशब्द द्यावा आणि काम संपल्यावर 'लॉगआउट' करावे, असा शिरस्ता पडला. सत्राचा उगम गुप्ततेइतकाच किंबहुना त्याहून अधिक हिशेबात आहे, ही बाब येथे लक्षात घेणे आवश्यक आहे.

पुढील वर्षीची एक घटना या विधानास पुष्टी देते. १९६२ मध्ये तेथील संशोधक विद्यार्थी ॲलन शेर यांना आठवड्याला मिळणारा चार तासांचा वेळ अपुरा पडत होता. त्यांनी छिद्रित पत्राद्वारे विनंती करून संकेतशब्दांची संपूर्ण फाइलच छापून घेतली व इतरांच्या नावावर काम केले. ही हकीकत त्यांनी सुमारे पंचवीस वर्षांनंतर सांगितली. त्यांना कोणाचे गुपित नको होते. हवा होता तो केवळ यंत्राचा वेळ.

१९६६ मध्ये याच प्रणालीत याहून बोलका प्रसंग घडला. एक व्यवस्थापक संकेतशब्दांची फाइल दुरुस्त करीत होता, तर दुसरा सर्वांसाठीचा 'आजचा संदेश' लिहीत होता. संपादन करणारा प्रोग्राम तात्पुरत्या फाइलीला नेहमी एकच ठरावीक नाव देत असे. दोघेही एकाच सामायिक जागेत काम करीत असल्याने दोन फायलींची अदलाबदल झाली आणि प्रवेश करणाऱ्या प्रत्येकासमोर सर्वांचे संकेतशब्द छापले जाऊ लागले. वापरकर्त्यांना परस्परांपासून वेगळे ठेवण्यासाठी जी व्यवस्था उभारली होती, ती व्यवस्थापकांची दोन सत्रे परस्परांपासून वेगळी ठेवू शकली नाही.

२. युनिक्समधील हजेरीपट

सीटीएसएसच्या अनुभवावर मल्टिक्स हा महत्त्वाकांक्षी प्रकल्प उभा राहिला. सीटीएसएसवर काम केलेले फ्रेंच संशोधक लुई पूझँ यांनी वापरकर्त्याच्या आज्ञा स्वीकारणाऱ्या प्रोग्रामसाठी 'शेल' हा शब्द योजला. १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळा मल्टिक्समधून बाहेर पडली आणि त्याच वर्षी केन थॉम्पसन यांनी पीडीपी-७ या लहान यंत्रावर युनिक्सचा आरंभ केला. डेनिस रिची हे त्यांचे प्रमुख सहकारी होते.

३ नोव्हेंबर १९७१ या तारखेच्या युनिक्सच्या पहिल्या माहितीपुस्तिकेत सत्राची संपूर्ण यंत्रणा दिसते. 'इनिट' ही मूळ प्रक्रिया प्रत्येक टर्मिनलसाठी 'गेटी' हा प्रोग्राम सुरू करते. 'गेटी' नाव विचारतो, 'लॉगिन' संकेतशब्द तपासतो आणि मग त्याच जागी शेल सुरू होतो. शेल संपला की 'इनिट' पुन्हा 'गेटी' सुरू करून पुढच्या माणसाची वाट पाहते.

या सर्व हालचालींची नोंद दोन फायलींत होत असे. 'यूटीएमपी' या फाइलीत या क्षणी कोण उपस्थित आहे ते असे, तर 'डब्ल्यूटीएमपी' या फाइलीत प्रत्येक आगमन व निर्गमन क्रमाने लिहिले जाई. पहिली म्हणजे वर्गातील फळ्यावरची आजची पटसंख्या, तर दुसरी म्हणजे कार्यालयातील कायमचा हजेरीपट, असे म्हणता येईल. 'हू' ही आज्ञा दिली की उपस्थितांची नावे, त्यांची टर्मिनले आणि प्रवेशाच्या वेळा समोर येत. पुढे बर्कली येथील शाखेत 'लास्ट' ही आज्ञा आली व जुना हजेरीपट वाचणे सोपे झाले.

या व्यवस्थेची एक मर्यादा होती. सत्र म्हणजे केवळ फाइलीतील एक ओळ होती. प्रणालीच्या गाभ्याला सत्र ठाऊक नव्हते. ओळ पुसली की माणूस 'अनुपस्थित' होई, मग त्याची प्रक्रिया चालू का असेना. काही युनिक्स प्रणालींत तर यूटीएमपी ही फाइल कोणालाही बदलता येईल अशीच ठेवलेली असे.

३. पंचाहत्तर सेंटांची तफावत

सत्राच्या नोंदीचे महत्त्व १९८६ मधील एका घटनेने सिद्ध केले. कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत खगोलशास्त्रज्ञ क्लिफर्ड स्टोल यांच्याकडे संगणक-व्यवस्थापनाचे काम होते. त्यांना वापराच्या मासिक हिशेबात पंचाहत्तर सेंटांची तफावत आढळली. ज्याच्याकडून पैसे वसूल करावेत असा कोणताही मालक नसलेले एक खाते वापरले गेले होते. रक्कम नगण्य होती. परंतु स्टोल यांनी ती सोडून दिली नाही. त्यांनी येणाऱ्या जोडण्यांवर छपाईयंत्रे लावली आणि घुसखोराने दिलेली प्रत्येक आज्ञा कागदावर उतरवून घेतली.

या नोंदींतून लक्षणीय बाब समोर आली. घुसखोर आत येताच कोण कोण उपस्थित आहे हे तपासून पाही आणि व्यवस्थापक दिसल्यास काढता पाय घेई. म्हणजेच ज्या आज्ञांनी व्यवस्थापक वापरकर्त्यांवर लक्ष ठेवीत, त्याच आज्ञांनी घुसखोर व्यवस्थापकावर लक्ष ठेवीत होता. हा माग अखेरीस पश्चिम जर्मनीतील हॅनोव्हर शहरापर्यंत पोहोचला. तेथील मार्कुस हेस हा इसम लष्करी माहिती सोव्हिएत हेरखात्याला विकणाऱ्या गटात सामील असल्याचे उघड झाले.

उपस्थितीची माहिती सर्वांसाठी खुली ठेवणे हा त्या काळचा शिष्टाचार होता. स्टॅनफर्ड येथे लेस अर्नेस्ट यांनी १९७१ मध्ये लिहिलेला 'फिंगर' हा प्रोग्राम सहकारी जागेवर आहे काय हे सांगण्यासाठीच होता. पुढे तो दूरस्थ यंत्रांनाही उत्तर देऊ लागला. २ नोव्हेंबर १९८८ रोजी पसरलेल्या 'मॉरिस वर्म'ने ज्या वाटांनी यंत्रांत प्रवेश केला, त्यांपैकी एक वाट 'फिंगर' सेवेतील दोषाची होती. त्यानंतर ही सेवा हळूहळू बहुतेक ठिकाणी बंद झाली. परस्परविश्वासावर आधारलेल्या एका लहान समाजाची ती सवय होती. समाज वाढला तशी ती टिकू शकली नाही.

४. तार तुटल्यानंतरचे काम

प्रवेशाची नोंद जितकी महत्त्वाची, तितकाच निर्गमनाचा प्रश्न अवघड होता. टर्मिनल दूरध्वनीच्या तारेने जोडलेले असे आणि तार तुटली की प्रणाली त्या टर्मिनलवरील प्रक्रियांना 'हँगअप' हा संकेत पाठवी. हा संकेत मिळाला की प्रक्रिया सामान्यतः संपत असे. रात्रभर चालणारी आकडेमोड एका तुटलेल्या जोडणीमुळे वाया जाऊ नये, म्हणून 'नोहप' ही आज्ञा होती. १९७९ च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत ती आढळते. 'मी गेलो तरी माझे काम चालू राहू दे' अशी वापरकर्त्याने प्रणालीला केलेली ती विनंतीच होय.

पुढे जिम कुल्प यांनी मांडलेली कार्यनियंत्रणाची कल्पना बीएसडीमध्ये समाविष्ट झाली. १९८८ च्या पॉसिक्स मानकाने 'सत्र' या शब्दाला नेमका तांत्रिक अर्थ दिला. प्रक्रियांचे गट, त्या गटांचे मिळून एक सत्र, त्या सत्राचा एक प्रमुख आणि एक नियंत्रक टर्मिनल अशी ही रचना होती. फाइलीतील ओळीपुरते असलेले सत्र आता गाभ्यालाही समजू लागले. तथापि 'सेटसिड' या सुविधेने कोणतीही सामान्य प्रक्रिया मूळ सत्रातून बाहेर पडून स्वतःचे नवे सत्र स्थापन करू शके. त्यामुळे एखाद्या वापरकर्त्याने सकाळच्या सत्रात काय काय सुरू केले हे व्यवस्थापकाला खात्रीने सांगता येत नसे.

वापरकर्त्यांनी मात्र या मोकळीकीचा उत्तम उपयोग केला. १९८७ मध्ये बर्लिन येथे ऑलिव्हर लाउमान व कार्स्टन बोरमान यांनी 'स्क्रीन' हा प्रोग्राम तयार केला. जोडणीपासून काम विलग करावे, घरी जावे आणि दुसऱ्या दिवशी तेच काम पुन्हा जोडून घ्यावे, ही सोय त्यामुळे झाली. १९९५ मध्ये हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठाच्या जाळ्यात संकेतशब्दांची चोरी झाल्यानंतर तातू युलोनेन यांनी 'एसएसएच' ही सांकेतिकीकरण केलेली दूरस्थ प्रवेशाची पद्धत विकसित केली. २००७ मध्ये निकोलस मॅरियट यांचा 'टीमक्स' आला. एसएसएचने आत यावे आणि टीमक्समध्ये काम ठेवून निघून जावे, ही संशोधकांची दिनचर्याच बनली.

५. सत्र संपविण्याचा अधिकार

२००८ मध्ये लिनक्सच्या २.६.२४ या आवृत्तीत 'सीग्रुप' ही सुविधा आली. प्रक्रियेने जन्म दिलेल्या प्रक्रियाही आपोआप त्याच गटात राहतात व सामान्य प्रक्रियेला स्वतःहून त्यातून निसटता येत नाही. २०१० मध्ये लेनर्ट पॉटरिंग व के सीव्हर्स यांनी सुरू केलेल्या 'सिस्टिमडी' प्रकल्पाने या सुविधेचा आधार घेतला आणि पुढे त्यातील 'लॉगिनडी' हा घटक सत्रांचा कारभार पाहू लागला.

लॉगिनडीशी कमांड लाइनवरून संवाद साधण्याचे साधन म्हणजे 'लॉगिनसीटीएल'. 'लिस्ट-सेशन्स' म्हटले की सर्व सत्रे क्रमांकासह दिसतात. 'सेशन-स्टेटस' म्हटले की एका सत्रातील प्रक्रियांचा वृक्ष दिसतो. 'लॉक-सेशन'ने पडद्याला कुलूप लावण्याची सूचना जाते. 'टर्मिनेट-सेशन'ने सत्र संपते. विंडोजच्या सर्व्हर प्रणालींतही 'क्वेरी सेशन' आणि 'लॉगऑफ' या आज्ञा हेच काम करतात. जुनी 'हू' ही आज्ञा फक्त माहिती देत असे. नव्या साधनाने माहिती आणि कारवाई एकाच हाती दिली.

या अधिकाराची कसोटी मे २०१६ मध्ये लागली. सिस्टिमडीच्या २३० व्या आवृत्तीत, वापरकर्ता बाहेर पडताच त्याच्या सत्रातील उरलेल्या सर्व प्रक्रिया नष्ट करणे हे मूलभूत वर्तन ठरविण्यात आले. विकासकांचा युक्तिवाद असा की, माणूस गेल्यावर त्याच्या प्रक्रिया मागे राहणे असुरक्षित आहे. ज्याला काम चालू ठेवायचे असेल त्याला 'एनेबल-लिंगर' या आज्ञेने तशी मुभा देता येते. विरोधकांचे म्हणणे असे की, नोहप, स्क्रीन व टीमक्स यांवर विसंबलेली अनेक दशकांची प्रथा एका निर्णयाने मोडली. सीग्रुपद्वारे होणारी ही कारवाई हँगअप संकेतापुरती मर्यादित नसल्याने नोहपचे संरक्षणही तेथे निष्प्रभ ठरत होते. डेबियनने आपल्या वितरणात हे वर्तन बंद ठेवले.

दोन्ही बाजूंत तथ्य होते. सामायिक प्रयोगशाळेत मागे राहिलेली प्रक्रिया पुढच्या विद्यार्थ्याचा वेळ खाते, तर संशोधकाच्या यंत्रावर तीच प्रक्रिया त्याच्या आठवड्याच्या श्रमाचे फळ असते. वाद प्रोग्रामच्या दोषाचा नव्हता. संमती गृहीत धरावी की मागून घ्यावी, याचा होता.

६. हजेरीपटाची मुदत

जुन्या नोंदपद्धतीपुढे आता कालमर्यादेचा प्रश्न उभा राहिला आहे. लिनक्सवरील प्रचलित यूटीएमपी व डब्ल्यूटीएमपी फायलींत वेळ ३२ बिटांत साठविली जाते. १९ जानेवारी २०३८ रोजी ३ वाजून १४ मिनिटे ७ सेकंदांनंतर (जागतिक प्रमाणवेळ) ही जागा अपुरी पडते. त्यामुळे 'डब्ल्यूटीएमपीडीबी' ही डेटाबेसवर आधारित नवी पद्धत पुढे आली असून २०२५ मध्ये प्रकाशित झालेल्या डेबियन १३ ने हा मार्ग स्वीकारला आहे. १९७१ पासून चालत आलेला हजेरीपट अशा रीतीने निवृत्तीच्या वाटेवर आहे.

निष्कर्ष

१. लॉगिन सत्राची संकल्पना यंत्राच्या दुर्मीळ वेळेच्या हिशेबातून निर्माण झाली. सुरक्षेचा विचार त्यावर क्रमाने आरोपित झाला.

२. सत्राची नोंद दुधारी आहे. स्टोल यांना घुसखोर सापडला तो हिशेबामुळे, आणि घुसखोराला व्यवस्थापक दिसत होता तोही उपस्थितीच्या नोंदीमुळेच.

३. फाइलीतील ओळ, पॉसिक्समधील प्रक्रियासमूह आणि सीग्रुप या तीन टप्प्यांत सत्राची सीमा अधिकाधिक पक्की होत गेली. सीमा पक्की झाली तसा ती बंद करणाऱ्याचा अधिकारही वाढला.

४. २०१६ च्या वादावरून असे दिसते की, सत्र कसे संपावे याचे एकच उत्तर सर्व ठिकाणी लागू पडत नाही. संस्थेने हा नियम जाणीवपूर्वक ठरवावा आणि वापरकर्त्यांना तो आधी सांगावा.

यंत्राचा वेळ आज स्वस्त झाला आहे. मात्र आपण निघून गेल्यावर आपल्या अपुऱ्या कामावर कोणाची सत्ता चालते, हा प्रश्न स्वस्त झालेला नाही. कमांड लाइनवरील एका ओळीत ज्याला दुसऱ्याचे सत्र संपविता येते, त्याने ती ओळ लिहिण्यापूर्वी त्या सत्रात काय चालू आहे हे पाहून घ्यावे, इतकी अपेक्षा हा इतिहास निश्चितच करतो.