ऑइलच्या झाकणाखाली पांढरा थर दिसला, म्हणजे ट्रकचं इंजिन गेलं का?

जुन्या ट्रकच्या ऑइल भरायच्या झाकणाखाली कधीकधी सायीसारखा पांढरट थर दिसतो. ऑइल आणि पाणी घुसळून तो बनतो. पाणी आलं कुठून, यावर पुढचा खर्च ठरतो.

साधं कारण : वाफ

इंधन जळताना पाण्याची वाफही तयार होते. फेऱ्या छोट्या असतील तर इंजिन पुरेसं तापत नाही आणि थंड झाकणाखाली वाफेचं पाणी होतं. डिपस्टिकवरचं ऑइल स्वच्छ असेल आणि कूलंट कमी होत नसेल, तर झाकण पुसून एक लांब फेरी मारावी. थर पुन्हा आला तर ब्रीदरची नळी तुंबली आहे का, ते तपासावं.

गंभीर कारण : गळती

• डिपस्टिकवरही दुधाच्या चहासारखं ऑइल
• ऑइलची पातळी वाढलेली, कूलंट कमी
• इंजिन तापल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा धूर

अशा वेळी हेड गॅस्केट, ऑइल कूलर किंवा लायनरच्या रबर रिंगा तपासाव्या लागतात.

खात्री कशी करावी?

रात्रभर उभ्या ट्रकचा ऑइल ड्रेन नट किंचित सैल करावा. पाणी जड असल्याने तळाशी साचलेलं पाणी आधी ठिबकतं. तसं झालं तर इंजिन सुरू करू नये. पाणी मिसळलेल्या ऑइलवर बेअरिंग घासतात आणि गॅस्केटवर भागणारं काम क्रँकशाफ्टपर्यंत जातं.