नाण्याचे चित्र

आपण नशिराबादकर जळगाव-भुसावळला गाडी पकडणारे. रेल्वे स्थानकांवरील वजनाची यंत्रे आपल्यातील वडीलधाऱ्यांना आठवत असतील. नाणे टाकले की पुठ्ठ्याचे तिकीट बाहेर पडे. वजन विसरून त्यामागचे नटनटीचे चित्र जपणारी मुले पुष्कळ होती!

इ.स. १९९७ मध्ये अमेरिकेतील विन्स्टन-सेलम या तंबाखूच्या शहरी क्लार्क व्हिटिंग्टन नावाच्या कलावंताने जुन्या सिगारेट-यंत्रात आपली छोटी छायाचित्रे विक्रीस ठेवली. किंमत एक डॉलर. पुढे इतर चित्रकारही पाकिटाच्या मापाची चित्रे काढून अशा यंत्रांत भरू लागले. यंत्र नवे खरे. परंतु तळहाताएवढ्या चित्रावर पोट भरण्याचा धंदा आपल्याकडे फार जुना आहे.

तो धंदा म्हणजे गंजिफा. बाबराने १५२७ साली सिंधला गंजिफा पाठविल्याचा उल्लेख त्याच्या आत्मचरित्रात सापडतो. मोगली गंजिफेची पाने ९६, आपल्या दशावतारी गंजिफेची १२०: दहा अवतार, प्रत्येकाचा राजा, प्रधान आणि एक ते दहा. दिवसा डाव रामाचा, रात्री कृष्णाचा. सावंतवाडीचे चितारी चिंचोक्याच्या खळीने कागद चिकटवून गोल पाने करीत, त्यांवर रंग चढवीत आणि लाखेचा हात देत. श्रीमंतांसाठी ‘दरबार कलम’ आणि सामान्यांसाठी ‘बाजार कलम’ असे गंजिफेचे दोन भेदच होते. पाने हाताळून झिजत, आणि झिजली की नवा जोड लागे. चिताऱ्याचे अन्न या झिजण्यात होते, हे माझ्या मते कलेच्या इतिहासकारांनी पुरेसे ध्यानात घेतलेले नाही.

छापील स्वस्त पत्ते आले आणि ही मागणी आटली. १९७० च्या सुमारास सावंतवाडीत ही विद्या जाणणारे पुंडलिक चितारी वृद्ध झाले होते. राजे शिवरामसाहेब भोसले आणि राणी सत्वशीलादेवी यांनी ती त्यांच्याकडून शिकून घेतली व राजवाड्यातच कारागीर बसविले. विद्या वाचली. खेळ मात्र परतला नाही. आज लोक जोड घेतात तो शोभेसाठी. कपाटातले पान झिजत नाही, म्हणून तेच गिऱ्हाईक दुसरा जोड मागावयास येत नाही.

सिगारेट ओढणारा त्याच यंत्रापाशी रोज येई. चित्र घेणाराही पुन्हा यावा, म्हणून तेथे दर खणात निराळी कृती ठेवतात.