वालूरची बारव आणि जलाशयारामविद्या

परभणी जिल्ह्याच्या सेलू तालुक्यांत वालूर म्हणून एक जुनें गांव आहे. तेथील चक्राकार बारव अलीकडे प्रसिद्धीस आली असून तिचीं चित्रें पुष्कळांच्या पाहण्यांत आलीं असतील. विहिरीच्या अंगानें पायऱ्या वळत वळत पाण्यापर्यंत उतरतात. वरून पाहणारास शंखाच्या आंतल्या वळणाची आठवण व्हावी अशी ती रचना आहे. गाळानें व झुडपांनीं भरून गेलेली ही बारव इ. स. २०२१ च्या सुमारास ग्रामस्थांनीं श्रम करून मोकळी केली. त्याच वेळीं, म्हणजे २०२० पासून, मुंबईचे रा. रोहन काळे यांनीं महाराष्ट्रांतील बारवांची नोंद करण्याची मोहीम हातीं घेतली, आणि महाशिवरात्रीस ठिकठिकाणच्या बारवांवर दीपोत्सव होऊं लागले. या उद्योगाचें कौतुक करून थांबणें सोपें आहे. प्रस्तुत लेखकास जें मांडावयाचें आहे तें थोडें निराळें, व कित्येकांस कदाचित् न रुचणारें आहे. बारव साफ करतांना जें फेकलें जातें त्यांत इतिहासाचें साधनही जातें. आणि बारवेचा दगड तेवढा राखून तिच्या भोंवतालची जमीन, झाडें व कागद यांकडे पाठ फिरविली, तर पोथीचें वेष्टण जतन करून पानें टाकून दिल्यासारखें होतें.

पाणी, झाडें व इमारत हीं तीन एकत्र पाहण्याची दृष्टि आपल्या ग्रंथांत स्पष्ट आहे. सहाव्या शतकांतील वराहमिहिराची बृहत्संहिता उघडावी. तींत भूमिगत पाणी शोधण्याचा दकार्गल नांवाचा अध्याय आहे. त्याला लागूनच वृक्षायुर्वेद, आणि त्याच्या पुढें प्रासादलक्षण. निरनिराळ्या प्रतींत अध्यायांक एकानें मागेंपुढें होतो, परंतु क्रम तोच. आधीं पाणी, मग झाडें, मग देऊळ. वृक्षायुर्वेदाचा आरंभच पाहण्यासारखा आहे. ज्यांच्या कांठीं सावली नाहीं ते जलाशय मनोहर होत नाहींत, म्हणून पाण्याच्या कांठीं आराम, म्हणजे बाग, करावा, असें तो सांगतो. म्हणजे बाग ही जलाशयाचें अंग म्हणून येते, स्वतंत्र चैन म्हणून नव्हे. पुढें तो झाडांतील अंतरही देतो: वीस हात उत्तम, सोळा मध्यम, बारा कनिष्ठ. दीड फुटाचा हात धरिला तर उत्तम अंतर तीस फूट व कनिष्ठ अठरा फूट येतें. हें माप मी मुद्दाम सांगत आहें, कारण त्याचा उपयोग पुढें होणार आहे.

ही जोड केवळ ज्योतिषाच्या ग्रंथांत राहिली नाहीं, धर्मशास्त्रांतही उतरली. विहीर खणणारा मनुष्य ती ‘उत्सर्ग’ करून सर्व प्राणिमात्रांस सोडून देतो, तेव्हांच तें पूर्तकर्म पुरें होतें. गोदावरीच्या वरच्या अंगास असलेल्या पैठणाहून रामेश्वरभट्ट काशीस गेले. त्यांचे पुत्र नारायणभट्ट यांचा जन्म १५१३ चा. त्यांनीं जलाशय व आराम या दोहोंच्या उत्सर्गाची पद्धति लिहिली. त्यांचे नातू नीलकंठभट्ट यांच्या भगवंतभास्करांतील बारा मयूखांपैकीं एक उत्सर्गमयूख आहे. ‘जलाशयाराम’ हा समास संस्कृत शिकविणाऱ्या मनुष्याच्या डोळ्यांत भरतो. दोन पदांमध्यें ‘च’ घालण्याचेंही कारण राहिलें नाहीं इतकीं तीं एकमेकांस चिकटलेलीं. गोदातीरच्या घराण्याची ही विद्या आहे, हें गंगाखेड-पाथरीकडील संग्राहकांनीं लक्षांत ठेवावें.

आतां शिल्पग्रंथ वालूरच्या बारवेविषयीं काय सांगतात तें पाहूं. भुवनदेवाच्या नांवावर असलेला अपराजितपृच्छा हा ग्रंथ गायकवाड प्राच्यग्रंथमालेंत १९५० सालीं बडोद्याहून पोपटभाई मांकड यांच्या संपादनानें प्रसिद्ध झाला. त्यांत वापीचे चार भेद आहेत. एक मुख व तीन कूट ती नंदा, दोन मुखें व सहा कूट ती भद्रा, तीन मुखें व नऊ कूट ती जया, चार मुखें व बारा कूट ती विजया. कूपाचे दहा भेद व्यासाच्या हातांवरून केले आहेत, ते चार हातांपासून तेरा हातांपर्यंत. कुंडें चार प्रकारचीं, तडाग सहा प्रकारचे. वर्गीकरण नीटनेटकें आहे. परंतु वालूरच्या बारवेस त्यांत जागा सांपडत नाहीं. मुखांची संख्या मोजून जी वापी ओळखावयाची, तीत वळत उतरणाऱ्या पायऱ्यांचा विचार नाहीं. गुजराथेंत चांपानेर येथें अशा चक्राकार पायऱ्यांची वाव आहे, ती सोळाव्या शतकांतली मानतात.

यावरून वालूरची बारव सोळाव्या शतकांतली असें मी म्हणत नाहीं. पण ‘यादवकालीन हेमाडपंती’ हा जो शिक्का आपण पाहतां पाहतां मारतों त्याला येथें आवर घालावा, एवढें नक्कीच म्हणतों. हेमाद्रि हा महादेव व रामचंद्र या यादवांचा श्रीकरणाधिप, तेराव्या शतकाच्या उत्तरार्धांतला. अंबरनाथचें देऊळ शके ९८२ चें, म्हणजे इ. स. १०६० चें, शिलाहारांचें; त्यालाही लोक हेमाडपंतीच म्हणतात. चुन्याशिवाय बसविलेला चिरा दिसला कीं मंत्र्याचें नांव घ्यावयाचें, ही कालनिर्णयाची पद्धति नव्हे. मग वळणाची कल्पना आली कोठून? माझ्या मतें ग्रंथापेक्षां जमिनीकडे पाहावें. सरळ उताराच्या बारवेस लांबच लांब खोदाई लागते. वर्तुळाच्या अंगानें पायऱ्या फिरविल्या तर थोड्या जागेंत तेवढीच खोली गांठतां येते. शिवाय परभणीची काळी माती पावसांत फुगते व उन्हाळ्यांत भेगाळते, आणि सरळ भिंतीस बाहेर ढकलते. गोल भिंत चोहोंकडचा दाब वांटून घेते. ही गोष्ट पोथी न वाचलेल्या गवंड्यासही अनुभवानें कळली असावी. हा तर्क आहे. मोजमाप करून कोणी तो खोडून काढला तर आनंदच होईल.

येथें एक आडवळण घेतों. गांवचे लोक वालूर या नांवाचा संबंध वाल्मीकि ऋषींशीं लावतात. दकार्गलाध्यायांत पाण्याची खूण म्हणून वल्मीक, म्हणजे वारूळ, वारंवार येतें. जांभळीच्या पूर्वेस जवळच वारूळ असेल तर झाडाच्या दक्षिणेस दोन पुरुष खोलीवर गोड पाणी लागतें, असें तेथें सांगितलें आहे. वारूळ आणि वालूर या शब्दांत अक्षरांची अदलाबदल उघड दिसते. वारुळावरून पाणी, पाण्यावरून बारव, बारवेवरून गांव अशी सांखळी जुळविण्याचा मोह मलाही झाला. परंतु गांवाच्या नांवाचें जुनें रूप एखाद्या ताम्रपटांत किंवा महालाच्या जमाबंदींत सांपडल्याशिवाय ही व्युत्पत्ति खेळापेक्षां अधिक नाहीं. ज्यांच्या दप्तरांत तें रूप असेल त्यांनीं तें जरूर प्रसिद्ध करावें.

आतां या विषयाशीं नव्यानें संबंध आलेल्या एका व्यवसायाविषयीं. जमीन, पाणी व झाडें यांची एकत्र योजना करणारास पाश्चात्य देशांत लँडस्केप आर्किटेक्ट म्हणतात. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कचा आराखडा १८५८ मध्यें ओल्मस्टेड व व्हॉक्स यांनीं केला. १८९९ मध्यें अमेरिकेंत या व्यवसायाची संस्था निघाली, आणि १९४८ मध्यें केंब्रिज येथें आंतरराष्ट्रीय संघ स्थापन होऊन जेफ्री जेलिको त्याचे पहिले अध्यक्ष झाले. भारतांत इंडियन सोसायटी ऑफ लँडस्केप आर्किटेक्ट्स ही संस्था २००३ सालीं निघाली. तिला संक्षेपानें ‘इसोला’ म्हणतात; मुंबई व पुणें येथें तिच्या शाखा आहेत, आणि परिषदा, व्याख्यानें, विद्यार्थ्यांच्या स्पर्धा असा तिचा उद्योग चालतो. पुण्याच्या भानुबेन नानावटी महिला वास्तुकला महाविद्यालयांत या विषयाचें पदव्युत्तर शिक्षणही मिळतें. १९७२ च्या अधिनियमानें वास्तुविशारद या नांवास कायद्याचें संरक्षण आहे. या मंडळींस तसा स्वतंत्र कायदा नाहीं, म्हणून आपल्या विद्येचें स्वतंत्रपण सिद्ध करण्याची त्यांस निकड वाटते. मराठींत या विद्येस ‘भूदृश्य-वास्तुकला’ असें नांव देतात. तें मला पसंत नाहीं. दृश्य म्हणजे पाहणाराची सोय झाली; पाणी पिणाराची नव्हे. त्यापेक्षां भट्टांचा समास जवळचा आहे, आणि तो घेतला तर या मंडळींस आपल्या विद्येचा कुलवृत्तांत शोधण्यास केंब्रिजपर्यंत जावें लागणार नाहीं.

या व्यवसायाशीं संशोधकांस काय कर्तव्य, असें कोणी विचारील. कर्तव्य असें कीं त्यांस जें येतें तें आम्हांस येत नाहीं. जमिनीच्या उंचसखलपणाचा नकाशा, विहिरीचा उभा छेद, कोणत्या बाजूनें पाणी वाहत येई व कोठें मुरे याचें चित्र, प्रत्येक झाडाची जात व घेर, हें ते काढूं शकतात. आम्ही पोथी व कागद वाचूं शकतों. दोघे आपापल्या घरीं बसून राहिल्यानें बारवेचें अर्धें अर्धेंच वाचन होतें. याचें उदाहरण वृक्षायुर्वेदानेंच घालून दिलें आहे. सुरपालाच्या वृक्षायुर्वेदाची पोथी ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयांत पडून होती. डॉ. नेने यांनीं तिची प्रत मिळविली, श्रीमती नलिनी साधले यांनीं भाषांतर केलें, आणि १९९६ सालीं सिकंदराबादेच्या एशियन अॅग्री-हिस्ट्री फाउंडेशननें ती प्रसिद्ध केली. शेतीशास्त्रज्ञ व संस्कृतज्ञ एकत्र बसले म्हणून तें काम झालें.

माझ्या स्वतःच्या हातून झालेली एक चूक सांगणें प्राप्त आहे. कांहीं दशकांपूर्वीं मी एका खेड्याच्या शाळेवर होतों. गांवाचें नांव सांगत नाहीं. शाळेच्या मागें बुजलेली बारव होती. श्रमदानाच्या उत्साहांत मुलांस घेऊन मीं तिचा गाळ उपसला. खापरें, लांकडाचे तुकडे, मोटेच्या थारोळ्याचे दगड सर्व ओढ्यांत गेले. तिसऱ्या दिवशीं एक अक्षरांचा दगड निघाला. चार ओळी होत्या, देवनागरी, बऱ्याच झिजलेल्या. सुटी लागत होती. परत आल्यावर ठसा घेऊं म्हणून मीं तो काठावर ठेविला. परत आलों तों त्याचा नव्या ओट्यांत उपयोग झालेला, अक्षरें खालच्या बाजूस. ओटा फोडण्यास कोणी तयार होईना, व मीही फार आग्रह धरिला नाहीं. पहिल्या ओळीच्या आरंभीं ‘स्वस्ति’ होतें एवढेंच आज सांगतां येतें. शक आंकड्यांत होता कीं शब्दांत, हेंही मला आठवत नाहीं.

तेव्हां गाळ काढूंच नये काय? असें म्हणणें अन्यायाचें होईल. २०१६ च्या एप्रिलांत शेजारच्या लातुरास मिरजेहून आगगाडीनें पाणी न्यावें लागलें, हें या भागांतला कोणीही विसरला नाहीं. बारवेंत पाणी राहावें हेंच तिचें पहिलें प्रयोजन. ती नुसती पाहण्याची वस्तु होऊं नये. परंतु कुदळ लावण्यापूर्वीं आठ दिवस पुरे आहेत. दोरी व मोजपट्टी घेऊन छेद काढावा, छायाचित्रें घ्यावीं, गाळ थरांनीं काढून दगड निराळे मांडावे, आणि अक्षर दिसलें कीं ठसा घेतल्यावांचून तो दगड हलवूं नये. भोंवतालचीं जुनीं झाडें व खोडांचे बुंधे यांतील अंतर मोजावें. ठराविक वीस किंवा सोळा हातांचें अंतर वारंवार आलें तर तेथें आराम होता असा संशय घेण्यास जागा आहे. न आलें तर तेंही लिहून ठेवावें. झाडांच्या जाति ओळखण्यास परभणीचेंच कृषि विद्यापीठ, १९७२ पासून, जवळ आहे. वालूरखेरीज जिंतूर तालुक्यांतील चारठाणें हें स्थळ याकामीं फार उपयुक्त, कारण तेथें देवळें, उंच स्तंभ व बारव एकाच गांवांत आहेत, आणि पाणी-झाड-देऊळ हा संहितेचा क्रम जमिनीवर ताडून पाहतां येईल. परभणीजवळच्या पिंगळीची बारवही तशीच घ्यावी. पुणें-मुंबईच्या भूदृश्यरचनाकारांनीं यांपैकीं एक तरी पावसाळ्यापूर्वीं मोजण्यास घेतली, तर पोथ्यांची बाजू सांभाळण्यास प्रस्तुत लेखक तयार आहे.

संग्राहकांकडे मागणें असें. उत्सर्गाच्या लहान प्रयोगपोथ्या ‘सामान्य याज्ञिक’ म्हणून आपण गठ्ठ्यांत बांधून ठेवतों. त्या सोडून शेवटचें पान व समास पाहावे. संकल्पाच्या जागीं यजमानाचें किंवा गांवाचें नांव लिहिलेलें आहे काय, तें तपासावें. तसेंच पाण्याच्या पाळ्या, मोटेचा हक्क, आमराईची वांटणी, बारवेच्या दिवाबत्तीची इनाम जमीन यांविषयींचे मोडी कागद सेलू, जिंतूर, पाथरी, मानवत, गंगाखेड या बाजूस ज्यांच्या घरीं असतील त्यांनीं त्यांची नक्कल गांव व शक यांसह संपादकांकडे धाडावी. मूळ कागद मागविलेला नाहीं. तो ज्याचा त्याच्या घरींच राहूं द्यावा.